खांबेट्यांचं सर्किट

यज्ञेश्वर खांबेटे यांची भाषणं त्यांची बायको लिहून देते, हे पुण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं. खांबेटे सरांचा आवाज भारदस्त, उच्चार स्वच्छ, अंगावर कायम इस्त्रीचा शर्ट. असा माणूस उभा राहून बोलायला लागला की हे शब्द कुठून आले असतील अशी शंका कुणाला येत नाही. तनुजाला मात्र त्यातला प्रत्येक शब्द ठाऊक असे. ती सभागृहात पहिल्या रांगेत बसून आपलंच लिहिलेलं ऐकत असे आणि टाळ्या पडल्या की इतरांबरोबर टाळ्या वाजवत असे. ती बहात्तर वर्षांची होती आणि याची तिला सवय झाली होती, निदान तिला तसं वाटत होतं.

गेल्या डिसेंबरात सौमित्र बापट त्यांच्या कर्वेनगरातल्या फ्लॅटवर आले. शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते इलेक्ट्रॉनिक्सचे विभागप्रमुख होते. खांबेटे सरांनी त्या कॉलेजात बारा वर्षं शिकवलं होतं. आता तिथल्या नव्या प्रयोगशाळेला सरांचं नाव द्यायचं ठरलं होतं.

"सर, बोर्डावर तुमच्या त्या टीव्हीच्या सर्किटाची माहिती घालायची आहे," बापट म्हणाले. "मुलांना कळू दे, पुण्यात पन्नास वर्षांपूर्वी काय काम झालं ते. तुमच्या भाषणातलाच एक परिच्छेद घेऊ."

"घ्या की," सर म्हणाले.

तनुजा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. बापटांनी अदबीनं उठून कप घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काकू, तुम्हाला कळायचं का हो टीव्हीतलं काही?"

तनुजानं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. त्याआधीच सर हसून म्हणाले, "तिला मालिका कळतात."

बापट हसले. सर हसले. तनुजानं साखरेचा डबा बापटांपुढे सरकवला आणि ती आत गेली. ओट्याला टेकून ती बराच वेळ उभी राहिली. आश्चर्य म्हणजे तिला राग आलेला नव्हता. आपला नवरा हे खोटं बोललेला नाही, हे तिच्या ध्यानात आलं होतं. इतक्या वर्षांत तो खरंच विसरून गेला होता.

*

एकोणीसशे शहात्तर साली ती तनुजा रिसबूड होती. पॉलिटेक्निकमधून रेडिओचा डिप्लोमा घेऊन पर्वतीच्या पायथ्याशी एका पत्र्याच्या शेडमध्ये नोकरीला लागली होती. शेडवर पाटी होती 'नक्षत्र टेलिव्हिजन'. पुण्यात टीव्ही येऊन तीनेक वर्षं झाली होती, सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबईचे कार्यक्रम दिसत, आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात संध्याकाळी चपलांचा ढीग. नक्षत्रचे सेट स्वस्त होते, चित्र चांगलं होतं, पण तक्रारी थांबत नव्हत्या. सगळ्यात जास्त तक्रारी रस्त्यालगतच्या घरांतून येत.

मंडईजवळ सोनबा म्हणून कांद्या-बटाट्याचे एक व्यापारी राहत. दुकान खाली, घर वर. ते स्वतः शेडमध्ये येऊन उभे राहिले.

"बाई, तुमच्या टीव्हीत बातम्या सांगणाऱ्याचं डोकं खाली जातं आन् पाय वर येत्यात. असल्या माणसाच्या बातम्या मी खऱ्या मानायच्या का?"

मॅनेजर म्हणाले, अँटेना बदला. सोनबांनी दोनदा बदलली होती. मग तनुजा स्वतःहून म्हणाली, मी जाऊन बघते. शेडमधला एकुलता एक ऑसिलोस्कोप, सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, रिक्षात मांडीवर घेऊन ती मंडईत गेली आणि सोनबांच्या माडीवर खिडकीपाशी तीन संध्याकाळी बसली. खाली रिक्षा, स्कूटर, टेम्पो. दर वेळी एखादी रिक्षा फटफटत गेली की चित्र फाटे, किंवा गिरकी घेऊन वर सरके. सोनबांची बायको तिला चहा देई आणि म्हणे, "रिक्षावाल्यांस्नी सांगून बघा की, दुसरीकडनं जावा म्हणावं."

दुखणं काय होतं ते तनुजाला तिसऱ्या दिवशी कळलं. टीव्हीचं चित्र म्हणजे एकाखाली एक काढलेल्या शेकडो ओळी. केंद्राकडून चित्रासोबत ठोकेही येतात : इथून नवी ओळ सुरू कर, इथून नवं चित्र सुरू कर. हे ठोके चित्रापेक्षा उंच असतात. म्हणून सेटमधलं एक छोटं सर्किट एका उंचीच्या वरचं तेवढं कापून घेतं आणि ठोके वेगळे करतं. पण रिक्षाच्या इंजिनातली ठिणगी जो विजेचा गोंगाट करते तो त्या ठोक्यांपेक्षाही उंच. सर्किट बिचारं त्यालाच ठोका समजे आणि भलत्या जागी नवी ओळ सुरू करी. त्याहून वाईट म्हणजे, एवढा मोठा धक्का खाल्ल्यावर ते काही क्षण बहिरंच होई. मग खरे ठोके आले तरी त्याला ऐकू येत नसत.

गोंगाट आला की तेवढ्यापुरतं त्या सर्किटाचं दार, म्हणजे गेट, लावून घ्यायचं, हा उपाय परदेशी पुस्तकांत होता. सेटमधली ओळी काढणारी यंत्रणा एक-दोन ठोके चुकले तरी आपल्या गतीनं चालत राहते, त्यामुळे दार क्षणभर बंद राहिल्यानं काही बिघडत नाही. पण पुस्तकातलं सर्किट पुण्यात चालेना. सिग्नल कर्वेनगरला जोरदार, पर्वतीच्या आडोशाला मंद. 'याच्यावर गेलं की गोंगाट' अशी एकच रेघ आखली, तर एका घरी गोंगाट आत शिरे आणि दुसऱ्या घरी खरे ठोकेच अडत. तनुजानं ती रेघ सिग्नलबरोबर आपोआप वर-खाली होईल असं केलं. दोन ट्रान्झिस्टर, मोजके रेझिस्टर, सगळं बाजारात मिळणारं. यासाठी तिला चार महिने लागले. एका रविवारी सकाळी तिनं शेडच्या फाटकात एका रिक्षावाल्याला रिक्षा चालू ठेवून उभं केलं, आत येऊन सेट लावला, आणि चित्र हललं नाही. पाच मिनिटं ती नुसती बघत बसली. चित्र काही विशेष नव्हतं, केंद्राची पट्ट्यापट्ट्यांची खूण होती. पण ती हलत नव्हती.

यज्ञेश्वर खांबेटे तेव्हा त्याच शेडमध्ये डिझाइन इंजिनिअर होता. बी.ई. झालेला, हुशार, देखणा. दोघांचं लग्न ठरलं होतं. तिनं त्याला सगळ्यात आधी दाखवलं. तो खूश झाला, अगदी मनापासून. मग ड्रॉइंगचा कागद पुढे ओढून म्हणाला, "हे माझ्या नावानं जाऊ दे."

"का?"

"डिप्लोमावाल्या मुलीचं सर्किट संचालक वाचणारसुद्धा नाहीत. एकदा पास होऊ दे, मग मी सांगतोच कुणाचं आहे ते."

कागदाच्या कोपऱ्यात चौकट होती. 'रचना'पुढे त्यानं सही केली, 'आरेखन'पुढे तिला करायला सांगितली. म्हणाला, "आता तुझं काय नि माझं काय, तनू." आणि तिला तेव्हा ते वाक्य आवडलं होतं. हे तिला पुढे सगळ्यात जास्त बोचलं. कुणी तिच्या हातातून कागद हिसकावून घेतला नव्हता. तिनं हसत हसत दिला होता.

सर्किट पास झालं. चाळीस हजार सेटांत बसलं. 'नक्षत्रचं चित्र डळमळत नाही' अशी जाहिरात आली. यज्ञेश्वर मुख्य इंजिनिअर झाला. ड्रॉइंग पुन्हा सुबक काढलं गेलं तेव्हा 'आरेखन'पुढे दुसऱ्याच कुणाची सही आली. पियुष झाला, तनुजानं नोकरी सोडली. त्याचं संचालकांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. पुढे रंगीत टीव्ही आले, नक्षत्र बंद पडलं, खांबेटे सर शिकवायला लागले. आणि दर भाषणात 'ते सर्किट' यायचंच. ते परिच्छेद तनुजा फार मन लावून लिहायची. निदान तेवढ्या दोन मिनिटांत तरी आपलं काम कुणीतरी नीट समजावून सांगतंय, असं तिला वाटे.

*

बापट येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती भाषण लिहायला बसली. नेहमीचंच. सिंहगड, मंडई, सोनबांचं खाली डोकं वर पाय. मग सर्किटाचा परिच्छेद आला आणि तिचा हात थांबला. 'गोंगाट आला की गेट बंद होतं आणि ठोके वेगळे करणारं सर्किट तेवढा क्षण झाकलं जातं,' असं ती गेली कित्येक वर्षं लिहीत होती. तिनं लिहिलं : 'गोंगाट आला की गेट उघडतं आणि ठोके वेगळे करणाऱ्या सर्किटाला बळ मिळतं.'

वाचून पाहिलं. ऐकायला छानच वाटत होतं. अर्थ मात्र शंभर टक्के उलटा होता. असं सर्किट कुणी बांधलं, तर नुसता गोंगाटच आत येईल.

तिला त्याची फजिती करायची होती का? तिनं स्वतःला हे विचारलं आणि 'हो' असं उत्तर मिळालं. पण त्याच्याही तळाशी दुसरं काहीतरी होतं. त्यानं वाचताना थांबावं, कपाळाला आठी घालून आत यावं आणि म्हणावं, "तनू, हे चुकलंय की." असं तो म्हणाला असता, तर तिनं कागद फाडून दुसरा लिहून दिला असता आणि बहुतेक सगळं माफही केलं असतं.

त्यानं कागद घेतला. बाल्कनीत बसून दोनदा मोठ्यानं वाचला. आत येऊन म्हणाला, "सोनबांचं जरा लांबलंय. एक वाक्य कमी कर. बाकी फर्स्ट क्लास."

*

कार्यक्रम जानेवारीत झाला, सकाळी अकराला. प्रयोगशाळेच्या दाराशी ग्रॅनाइटचा बोर्ड होता. सरांचं नाव, सरांचा फोटो आणि खाली कोरलेला परिच्छेद. बापटांनी तो भाषणाच्या कागदावरून आधीच घेतला होता. तनुजानं चष्मा सावरून वाचला. 'गेट उघडतं.' खोल, सोनेरी अक्षरांत. बोर्डाचं तिनं मनात धरलंच नव्हतं.

सभागृहात दोन-अडीचशे विद्यार्थी, पंधरावीस प्राध्यापक. सर बोलायला उभे राहिले. सोनबांच्या वाक्याला हशा पिकला. मग तो परिच्छेद आला. सरांनी कागदावरून नजर उचलली, उजवा हात पुढे करून मूठ हळूहळू उघडली आणि म्हणाले, "गोंगाट आला, की गेट उघडतं!" टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनीही वाजवल्या. तनुजानं मान वळवून त्यांचे चेहरे पाहिले. कुणाच्याही कपाळावर आठी नव्हती. दोन-तीन जण फोनमध्ये होते, एक जण आदरानं मान डोलावत होता. पन्नास वर्षं आपण हे जपून सांगत आलो ते कुणाला, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला एकदम फार दमल्यासारखं झालं.

शेवटी बापटांनी रिवाज म्हणून विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

मागून चौथ्या रांगेत एक मुलगी उभी राहिली. सावळी, बारीक, केसांची घट्ट वेणी. माईक हातात आल्यावर आधी तो सुरू आहे का हे तिनं टिचकी मारून बघितलं.

"सर, मी रुपाली मेश्राम, थर्ड इयर. सर, गोंगाट आल्यावर गेट उघडलं तर गोंगाटच आत जाईल ना? ते बंद व्हायला पाहिजे ना? आमच्या प्रोजेक्टात पण मोटार सुरू झाली की सेन्सर गडबडते, तर तेवढा वेळ आम्ही रीडिंग घेणंच बंद करतो. म्हणून विचारते."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते सर्किट खरोखर डोळ्यांसमोर आणलं होतं.

सर गोंधळले. तनुजाला ते स्पष्ट दिसलं, कारण गोंधळले की ते चष्मा काढत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हसले.

"बाळ, तू मूळची कुठली?"

"यवतमाळ जिल्हा, सर. दारव्हा."

"अच्छा. तुमच्याकडे टीव्ही किती साली आला गं?"

सभागृहात हशा झाला.

"नाही, आपलं माहितीसाठी विचारतोय," सर पुढे म्हणाले. "हे सर्किट चाळीस हजार सेटांत चाललं. त्या चाळीस हजार सेटांना काही तुझा प्रश्न पडला नव्हता. बस खाली."

पुन्हा हशा, या वेळी टाळ्यांसकट. मुलगी अजून उभीच होती. तिनं माईक तोंडाजवळ नेला, पण शेजारच्या मुलानं तो तिच्या हातातून काढून घेतला. ती बसली.

तनुजा पहिल्या रांगेत होती. माईक तिच्यापासून चार पावलांवर. उठून एवढंच म्हणायचं होतं, 'ती बरोबर बोलतेय.' शब्द जिभेवर होते. तिनं खुर्चीच्या दांड्यावर हात टेकला. तेवढ्यात प्राचार्यांच्या पत्नी तिच्याकडे वाकून म्हणाल्या, "सर किती विनोदी आहेत हो," आणि तनुजा चक्क हसली. नंतर आभारप्रदर्शन झालं, मग जेवण. जेवणात गुलाबजाम होते आणि तनुजानं ते खाल्लेही.

*

घरी आल्यावर सरांनी शाल घडी करून कपाटात ठेवली. तनुजा दारात उभी राहून म्हणाली, "त्या मुलीचं बरोबर होतं."

"कुठल्या?"

"तुम्ही जिला बस म्हणालात तिचं. गोंगाट आला की गेट बंद होतं. मी उलटं लिहिलं होतं."

सरांनी कपाट लावलं. हळूच पलंगावर बसले. "चुकून?"

"मुद्दाम."

"का?"

"बघायचं होतं, तुम्हाला कळतं का ते."

खाली सोसायटीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीप-पीप चाललं होतं. सर खाली बघत होते. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. तिनं त्याची तयारी केली होती. ते शांतपणे म्हणाले, "पण निभावलं की नाही?"

"काय?"

"निभावून नेलं की नाही मी? कुणाला कळलं?"

"त्या मुलीला कळलं."

"हो. पोरगी हुशार आहे," ते म्हणाले. अगदी मोकळेपणानं, एखाद्या परीक्षकासारखे. "ती उभी राहिली तेव्हाच मला वाटलं, काहीतरी गफलत आहे."

"मग तिला फोन करा. बापटांना सांगा."

"आणि काय सांगू? माझ्या बायकोनं मला खड्ड्यात पाडलं म्हणून?" त्यांनी वर पाहिलं. "तनू, मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. बोर्डाचं उद्घाटन झालंय. आता हा तमाशा कशासाठी? तुझा राग माझ्यावर आहे ना? मग काढलास की."

त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं एकच होतं : राग निघाला होता तो भलत्याच माणसावर.

*

पुढच्या आठवड्यात ती एकटीच कॉलेजात गेली. बापटांनी चहा मागवला. तिनं त्यांच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि सर्किट काढून दाखवलं. हात कुठं अडला नाही. हा ट्रान्झिस्टर इथं, हा इथं, आणि रेघ वर-खाली करणारा हा रेझिस्टर. बापट आधी सौजन्यानं बघत होते. मग पुढे वाकून बघायला लागले. मग त्यांनी तिच्या हातातलं पेन घेऊन स्वतः एक रेघ मागेपुढे गिरवून पाहिली.

"बरोबर आहे," ते हलकेच म्हणाले. "बंदच व्हायला हवं. ती मुलगी बरोबर म्हणत होती."

"हे मी काढलेलं आहे. शहात्तर साली."

बापटांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना पटलं होतं. तिला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी ते पटणं आवरून घेतलेलंही दिसलं.

"मॅडम, बोर्ड ग्रॅनाइटचा आहे हो. आणि तोच परिच्छेद छापलेली कॉलेजची पुस्तिका सगळीकडे गेली आहे. सरांकडून एक मेल आली तर मी प्राचार्यांशी बोलू शकेन. नाहीतर माझ्याकडे आधार काय?"

"हा कागद आहे ना."

"हा तुम्ही आत्ता काढलात."

तिनं कागद तिथंच ठेवला. "ती मुलगी कुठे भेटेल?"

बापट जरा घुटमळले. "एक सांगायला हवं. प्राचार्यांना त्या दिवशी ते आवडलं नव्हतं. पाहुण्यांचा अवमान वगैरे. तिच्याकडून लेखी माफी घेतली आहे. नुसती फॉर्मॅलिटी."

रुपाली कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर डबा खात बसली होती. तनुजानं नाव सांगितलं तशी ती डबा बंद करून उभी राहिली.

"बस, बस. खा तू. मी तुला एवढंच सांगायला आले, की तू बरोबर होतीस. ते सर्किट माझं आहे. गेट बंदच होतं. भाषणात मी चुकीचं लिहिलं होतं."

रुपालीच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, अगदी लख्ख, लहान मुलीसारखा. "म्हणजे मी बरोबर होती? मी रूमवर जाऊन चारदा काढून बघितलं मॅडम! मैत्रिणी म्हणे सोड ना यार, एवढे मोठे सर चुकतील का."

"आणि मी तुला आणखी एक सांगते. ती रेघ कुठं आखायची हा खरा प्रश्न होता. सिग्नल कमी-जास्त झाला की..."

"एक मिनिट मॅडम." आनंद मावळला होता. मुलगी मनात काहीतरी जुळवत होती. "तुम्ही त्या दिवशी तिथंच होत्या ना? समोर?"

"हो."

"तुम्हाला तिथंच माहीत होतं, मी बरोबर आहे म्हणून?"

"हो."

"मग तुम्ही का नाही बोलल्या?"

तनुजाजवळ सांगण्यासारखं बरंच होतं. मंडईची माडी होती, चौकटीतली सही होती, साखरेचा डबा होता. त्यातलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"घाबरले," ती म्हणाली.

"कोणाला?"

तनुजा कट्ट्याच्या कडेला बसली.

रुपालीनं डब्याचं झाकण उगीचच दाबून पाहिलं. "माझं प्रोजेक्टच्या कॉम्पिटिशनमधून नाव काढलं मॅडम. टीममध्ये माझ्या जागी श्रद्धाला घेतलं. गाइड म्हणाले, पाहुण्यांसमोर बोलायची रीत नाही तुला. पूर्ण क्लास मला आता 'दारव्हा दूरदर्शन' म्हणतो." ती हे रडवेली होऊन सांगत नव्हती. वर्गात नोंदी वाचून दाखवाव्यात तसं सांगत होती.

"मी लिहून देते. प्राचार्यांना पत्र देते, माझ्या सहीचं."

"तुमच्या सहीनं काय होईल मॅडम?" मुलीनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्ही तर त्यांच्या मिसेस आहात फक्त."

प्रॅक्टिकलची वेळ झाली होती. रुपाली 'येते मॅडम' म्हणून निघून गेली. ती रेघ कुठं आखायची, हे तिनं विचारलं नाही.

तनुजानं पत्र दिलं. तीन पानी, सर्किटासकट, खाली 'तनुजा रिसबूड-खांबेटे' अशी सही. पंधरा दिवसांनी विचारलं तेव्हा कार्यालयातून सांगण्यात आलं की पत्र मिळालं आहे, फाइलला लावलं आहे. रुपालीचा माफीनामाही त्याच फाइलमध्ये असेल, असं तनुजाला वाटलं. पियुषला तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, आता काय त्याचं? बाबांचं वय बघ ना." स्वतःचं वय किती ते तिनं त्याला सांगितलं नाही.

मार्चमध्ये सरांना सांगलीहून बोलावणं आलं. तिथल्या एका संस्थेनं पुस्तिका वाचली होती. सरांनी पत्र तिच्यापुढे ठेवलं.

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले. चिडले नाहीत. "जुनंच वाचतो."

"निदान ते गेटचं तेवढं नीट करा."

"आता कसं करणार? छापून आलंय. पुस्तिकेत एक आणि माझ्या तोंडी दुसरं, असं झालं तर लोक विचारतील ना, खरं कुठलं म्हणून."

निघायच्या दिवशी सकाळी ती भाजी चिरत होती आणि ते बाल्कनीत उभे राहून तालीम करत होते. दार लोटलेलं होतं तरी प्रत्येक शब्द ऐकू येत होता. सिंहगड झाला, सोनबा झाले. तिनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजातूनही त्यांचा आवाज स्वच्छ येत होता. 'गोंगाट आला, की गेट उघडतं,' असं म्हणून ते थोडे थांबले. कॉलेजात तिथंच टाळ्या पडल्या होत्या.